शेवटच्या पाटीवरचं नाव

गेल्या दिवाळीत माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला थाप मारली. प्रसंग अगदी किरकोळ. फराळ झाला होता, मोठी माणसं आडवी झाली होती आणि आम्ही दोघं मिस्टर बीन बघत बसलो होतो. यूट्यूबवर नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत वीस वर्षं पडून असलेल्या सहा व्हीएचएस कॅसेटी मी त्याच महिन्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या. चित्र मधेच थरथरायचं, खालच्या कडेला पांढऱ्या रेघा सळसळायच्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा. भाचीला त्याचीच गंमत वाटत होती. वेगवेगळ्या कॅसेटींवरचे दोन भाग पाहून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, मघाशी शेवटी थेम्स लिहिलं होतं. आता सेंट्रल लिहिलंय. थेम्स म्हणजे नदी ना? आणि सेंट्रल म्हणजे रेल्वे." मी हसलो. "पण माणूस तोच, गाडी तीच, टेडीपण तोच. मग नाव का बदललं?" मी चकली मोडता मोडता म्हणालो, "अगं, पहिली कंपनी बंद पडली असेल." तिला तेवढं पुरलं. ती उठून किल्ल्यावरचे मावळे नीट लावायला गेली.

मला मात्र ते उत्तर रात्रभर टोचत राहिलं. कारण थेम्स बंद पडली नव्हती. लंडनमधली चांगली चालती, पैसेवाली कंपनी होती ती. तिचा परवाना गेला होता. दुकान बंद पडणं वेगळं आणि धंदा जोरात असताना गाळा खाली करावा लागणं वेगळं. हा फरक मला नुसता माहीत नव्हता, एका बाईंच्या दिवाणखान्यात बसून मी तो दोन वर्षं ऐकला होता. त्याच बाईंनी दिलेल्या कॅसेटी लावून मी त्यांची सगळी गोष्ट एका थापेत गुंडाळून टाकली, याचं वाईट वाटलं.

2003 च्या जानेवारीत एका प्रोजेक्टसाठी मी साउदॅम्प्टनला गेलो आणि इचन नदीच्या पूर्वेला, बिटर्न भागात, सत्तरीतल्या एका विधवा बाईंच्या घरी वरची खोली घेतली. खाली दिवाणखान्यात फुलाफुलांचा गालिचा, भिंतीत गॅसची शेगडी, तिच्यासमोर दोन खुर्च्या. एक त्यांची, एक त्यांच्या नवऱ्याची. नवऱ्याच्या खुर्चीत बसायला मला तिसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की त्या चहाचं भांडं लोकरीच्या टोपीखाली झाकून ठेवत आणि म्हणत, "सदर्नवर काय लागलंय बघ जरा." मी पेपरातलं पान उलटसुलट करून पाहायचो. बीबीसी वन, बीबीसी टू, आयटीव्ही वन, चॅनेल फोर. सदर्न कुठेच नाही. चार दिवसांनी ध्यानात आलं, त्या तीन नंबरच्या बटणाला सदर्न म्हणत होत्या. सदर्न टेलिव्हिजन बंद होऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. मधे त्याच बटणावर टीव्हीएस आलं आणि गेलं, मग मेरिडियन आलं. पण आपण नाही का अजून व्हीटीलाच उतरतो.

फ्रँचायझी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयपीएल येते, नाहीतर कोपऱ्यावरचं अमृततुल्य. तिकडे टीव्हीच्या जुन्या लोकांच्या तोंडी हा शब्द यायचा तो कुळकायद्याच्या आधीच्या कुळाने 'जमीन' म्हणावं तसा. कसतो मी, पण नावावर नाही. 1955 साली ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारा टीव्ही सुरू झाला तेव्हा सरकारने एक प्राधिकरण नेमलं. मनोरे प्राधिकरणाचे. देशाचे विभाग पाडायचे आणि एकेका विभागात कार्यक्रम दाखवायचा व जाहिराती विकायचा हक्क काही वर्षांपुरता एकेका कंपनीला द्यायचा. लंडनची तर वारांनुसार वाटणी: सोमवार ते शुक्रवार एक कंपनी, शनिवार-रविवार दुसरी. विभागात दुसरं कुणी जाहिरात विकू शकत नाही म्हटल्यावर पैसा धो धो. स्कॉटलंडचा परवाना मिळवलेले रॉय थॉमसन म्हणून गेले की हा नोटा छापायचा परवाना आहे. ते वाक्य पुढे जन्मभर त्यांच्या मानगुटीवर बसलं. खरं बोललेलं माणसाला असंच महागात पडतं.

आणि विभाग म्हणजे तरी काय? मनोऱ्याचा आवाका. पुण्यात आमच्या लहानपणी गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्या सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत, कारण मुंबई दूरदर्शन आमच्यापर्यंत गडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. चित्राला मुंग्या आल्या की वडील गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर, आणि "आलं! गेलं! आलं!" असा पुकारा. बिटर्नच्या त्या घराच्या धुराड्यावरही तशीच काडी होती, आइल ऑफ वाइट बेटावरच्या रोरिज मनोऱ्याकडे तोंड केलेली. तुम्ही कोणत्या प्रदेशाचे हे तुमची बोली, तुमचा जिल्हा, तुमचं देऊळ-चर्च ठरवत नसे, धुराड्यावरची काडी ठरवत असे. लिंकनशरमधला बेलमाँटचा मनोरा 1974 मध्ये अँग्लियाकडून काढून यॉर्कशर टेलिव्हिजनला दिला, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत नॉर्विचच्या बातम्या पाहणाऱ्या माणसांना लीड्सच्या बातम्या दिसू लागल्या. त्यांनी घर बदललं नव्हतं की गाव. मनोऱ्यांची आणखी एक गोष्ट बाई रंगवून सांगत: यॉर्कशर टेलिव्हिजन सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तोच, 1969 च्या मार्चमध्ये, एमली मूरचा 385 मीटर उंचीचा मनोरा अंगावर साचलेल्या बर्फासह कोसळला. नवी कंपनी, नवा परवाना, आणि लाखो घरांत नुसती खरखर. "देवाचं पण मत घ्यायला हवं होतं," असं म्हणून त्या स्वतःच खुसखुसत.

ज्या फेरवाटपातून यॉर्कशर टेलिव्हिजन जन्माला आलं ते 1967 चं. त्याआधी परवाने दिले जात आणि चालू राहत. काढून घेतले जाऊ शकतात हे कागदावर होतं, मनात नव्हतं. लॉर्ड हिल प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पत्ते पिसले. वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूडब्ल्यूला थेट नारळ. तिच्या जागी आलेल्या मंडळींत रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांची नावं होती. अर्जावर नटनट्या असल्या की अर्ज उजळतो, हे सगळीकडे सारखंच. लंडनची रीडिफ्युजन आणि शनिवार-रविवारवाली एबीसी यांचं तर पत्रिका न बघता लग्न लावून दिलं, आणि त्या लग्नातून झालेलं अपत्य म्हणजे थेम्स. लंडनचे शनिवार-रविवार ज्यांना मिळाले त्या लंडन वीकेंड टेलिव्हिजनने अर्जात अभिजात काहीबाही देण्याची खूप आश्वासनं दिली होती. 1968 च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच संध्याकाळी तंत्रज्ञांनी संप केला आणि पडदा काळा. पुढे उंची कार्यक्रमांना प्रेक्षक मिळेनात, तेव्हा गाडी हळूहळू हसवाहसवीकडे वळली. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गाची जी मालिका आपल्याकडे आजही घराघरात पाठ आहे, माइंड युअर लँग्वेज, ती याच कंपनीची, 1977 मधली. त्यातल्या सरदारजींना आणि पाकिस्तानी गृहस्थांना हसताना मला आता थोडं अवघडल्यासारखं होतं, पण हसू येतं हेही खरं.

बाईंचे यजमान सुतार होते. नॉर्दम पुलाच्या पलीकडे, नदीच्या काठावर जो स्टुडिओ होता, त्याच्या सेट बनवणाऱ्या खात्यात.

एका रविवारी बाईंनी कपाटातून शॉर्टब्रेडचा चौकोनी पत्र्याचा डबा काढला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. त्यांनी चमच्याच्या दांड्याने ते उचकटलं. आत दोऱ्याची रिळं, एक मापाची पट्टी, रेशनच्या काळातलं काहीतरी, आणि रबरबँडने बांधलेली दोन ओळखपत्रं. रबर हात लावताच तुटलं. पहिल्यावर सदर्नचं चिन्ह, कृष्णधवल फोटो, दाट काळे केस उलटे फिरवलेले, टाय. दुसऱ्यावर टीव्हीएस, फोटो रंगीत, केस पांढरे, टाय नाही, कानामागे चक्क पेन्सिल. बाई दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, "पत्ता बघ." पत्ता तोच. टेलिव्हिजन सेंटर, साउदॅम्प्टन. मी म्हटलं, नोकरी बदलली पण जागा नाही. तर म्हणाल्या, "नोकरी कुठे बदलली? तोच रंधा, तेच टेबल, तोच दरवाजा. लाकडाला काय कळतंय मालक कोण ते."

त्या रंध्यातून काय काय निघालं याची त्यांना यादी पाठ होती. तिचा मुकुटमणी म्हणजे जॅक हारग्रीव्ह्ज यांची ती लाकडी खोपट. हे गृहस्थ आउट ऑफ टाउन नावाच्या कार्यक्रमात पाइप ओढत, खोपटात बसून घोड्याचे नाल, मासे पकडायची हुकं, जुनी अवजारं असल्या गोष्टींवर बोलत. अर्धा दक्षिण इंग्लंड ते शुक्रवारच्या कीर्तनासारखं ऐकत असे. आणि ती खोपट होती स्टुडिओतली. खिडकीबाहेर गवत नव्हतं, वायरी होत्या. "फळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून ह्यांनी त्या सायकलच्या साखळीने बडवल्या होत्या," असं बाई सांगत. खरंखोटं तपासायला आता कुणी नाही. पण मला ते फार पटलं. त्या विभागाला आपली वाटणारी सगळ्यात अस्सल गोष्ट एका पगारी सुताराने साखळीने बडवून जुनी केली होती, आणि तरी ती अस्सल होती.

28 डिसेंबर 1980, रविवार. नाताळचा केक संपलेला नाही आणि बातमी आली की सदर्नचा परवाना जातोय. नैऋत्येकडच्या प्लिमथच्या वेस्टवर्डचाही. मिडलंड्सच्या एटीव्हीला सांगितलं की राहा, पण मालकी बदला, मुक्काम खरोखर मिडलंड्समध्ये हलवा, नावसुद्धा दुसरं घ्या. तिची सेंट्रल झाली. सदर्नवरचा आक्षेप असा की मालक बाहेरचे, वृत्तपत्रवाले आणि सिनेमावाले, आणि केंटकडच्या पूर्व भागाकडे दुर्लक्ष. थोडक्यात, तुम्ही पुरेसे स्थानिक नाही. स्थानिक असण्याच्या नावाखाली 1958 पासून लोकांच्या जिभेवर बसलेलं नाव पुसायचं, हा विनोद त्या वेळी कुणाला दिसला की नाही कोण जाणे. वर्षभर जुनी कंपनी त्याच इमारतीत काम करत राहिली आणि नवीन कंपनी तिच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेत, पत्र्याच्या तात्पुरत्या केबिनी टाकून तयारी करत बसली. आपल्याकडे वाड्यातला भाडेकरू हलत नाही म्हणून नवा मालक ओसरीवर पथारी टाकतो, तसलाच प्रकार. सदर्नने आपल्या निरोपाच्या कार्यक्रमात, 31 डिसेंबर 1981 च्या रात्री, रिचर्ड स्टिलगो यांच्याकडून त्या पत्र्याच्या केबिनींची टर उडवणारं गाणं गाऊन घेतलं. मग सदर्नची ती चांदणी गरगरत काळ्या आकाशात लहान लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली.

"तुम्ही रडलात?" मी विचारलं. "छे," बाई म्हणाल्या, "हे रडले. मी सँडविच करत होते. सकाळी त्याच दरवाज्याने परत कामावर जायचं होतं ना." नव्या कंपनीने बहुतेक कामगार ठेवून घेतले होते. उलट टीव्हीएसच्या काळात पगार बरा वाढला, घराला नव्या खिडक्या लागल्या, ते स्पेनला जाऊन आले. सदर्नबद्दल मी फार हळवा व्हायला लागलो की बाई मला जमिनीवर आणत. सदर्नचे साहेबलोक म्हणजे ग्लाइंडबोर्नचा ऑपेरा आणि शिकारीचे बूट. सुताराशी बोलताना हातमोजा काढत नसत. टीव्हीएसवाले टायशिवाय यायचे आणि नावाने हाक मारायचे. आणि केंटला मेडस्टोनमधून वेगळ्या बातम्या मिळाल्या, त्या हव्याच होत्या. मालक बदलल्याने काही बिघडतंच असं नाही, हे मला त्या घराच्या खिडक्यांनी शिकवलं.

बिघडलं ते पुढे. की तेही बिघडलं म्हणावं का, यावर माझं मत अजून हलतं.

1990 च्या कायद्याने परवाना देण्याची रीतच बदलली. आतापर्यंत बंद खोलीत शहाणी माणसं बसून ठरवत होती कोण लायक. आता टेंडर. सीलबंद पाकिटात वर्षाला सरकारला किती रक्कम देणार ते लिहायचं. दर्जाची चाळणी पार केलेल्यांत ज्याची बोली मोठी त्याला विभाग. आपल्याकडे नाक्याच्या वसुलीचा ठेका असाच जायचा, त्यामुळे मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. सगळी गंमत पाकिटातल्या आकड्यांत. सेंट्रलला सुगावा लागला होता की आपल्यासमोर दुसरं पाकीटच नाही. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅमसकट अख्ख्या मिडलंड्ससाठी त्यांनी बोली लावली 2,000 पौंड. वर्षाला. स्कॉटिश टेलिव्हिजननेही तेवढीच. माझ्या साउदॅम्प्टनच्या एका खोलीचं भाडं वर्षाला याच्या दुपटीहून जास्त होतं. आणि टीव्हीएसने, समोर तीन-तीन स्पर्धक दिसल्यावर, घाबरून पाकिटात लिहिलं 5 कोटी 97 लाख 60 हजार.

16 ऑक्टोबर 1991 ला निकाल आले ते फॅक्सवर. बाईंचे यजमान सांगत म्हणे, की कागद मशीनमधून बाहेर येताना आधी पत्ता येतो, मग तारीख, मग 'महोदय', आणि तेवढा वेळ सगळे श्वास रोखून. टीव्हीएसचं पाकीट सगळ्यात जड होतं आणि तरी परवाना गेला. कारण एवढे पैसे दरवर्षी तुम्हाला झेपणार नाहीत, असं परवाने वाटणाऱ्या आयोगाचं म्हणणं. आधीच त्यांनी अमेरिकेतली एक मोठी निर्मिती कंपनी विकत घेऊन हात पोळून घेतले होते. 3 कोटी 65 लाखांच्या मेरिडियनला दक्षिण मिळाली. वेस्टवर्डच्या जागी आलेली टीएसडब्ल्यूही जास्त बोली लावूनच पडली. ती थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडली आणि हरली. उलट लंडनमध्ये थेम्स पडली ती कमी बोलीने. कार्लटनने 4 कोटी 31 लाख 70 हजार लिहिले होते. जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या हत्यांवर थेम्सने 1988 मध्ये कार्यक्रम केला होता, सरकार तेव्हा भयंकर चिडलं होतं, आणि हे सगळं त्याचंच उट्टं अशी कुजबुज आजही संपलेली नाही. मँचेस्टरमध्ये मात्र ग्रॅनडा 90 लाखांत टिकली, तिच्या चौपट बोली लावणारा चाळणीतच अडकला. म्हणजे जास्त लिहिलं म्हणून गेले, कमी लिहिलं म्हणून गेले, आणि कमी लिहूनही राहिले. सकाळच्या प्रहराचा परवाना असलेली टीव्ही-एएमही गेली. तिच्या प्रमुखांना थॅचरबाईंनी पत्र लिहून हळहळ कळवली आणि कायदा आपणच आणला याची खंतही. तोवर त्या स्वतःच पंतप्रधानपदावरून पायउतार झालेल्या.

बीनचं कोडं इथे सुटतं. तो थेम्ससाठी बनत होता. 1992 संपलं, थेम्सकडे प्रक्षेपण राहिलं नाही, आणि पुढचे भाग बनले सेंट्रलसाठी. भाचीने पाहिलेली ती दुसरी पाटी म्हणजे 2,000 पौंडांची पाटी.

आमच्या ऑफिसात प्लिमथचा एक जण होता, माझ्याच वयाचा, एरवी घुम्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी या परवान्यांचा विषय काढला तर म्हणाला, "आमचा ससा नेला त्यांनी." वेस्टवर्डवर गस हनीबन नावाचा बाहुलीचा ससा होता. डार्टमूरच्या माळावर काटेरी झुडपाखाली सापडला अशी त्याची जन्मकथा. निवेदकाशेजारी बसून तो विभागातल्या मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा. पोराने मागाव्यात तितक्या उड्या मारायचा, डोळा मिचकवायचा. 1981 ला वेस्टवर्ड गेली तेव्हा टीएसडब्ल्यूने सशाला ठेवून घेतलं. 1992 अखेर टीएसडब्ल्यू गेली आणि ससाही गेला. "मला सहाव्या वाढदिवसाला सहा उड्या मिळाल्या," तो चाळिशीकडे झुकलेला माणूस सँडविच खाली ठेवून म्हणाला. "आईने पत्र पाठवलं होतं. माझं आडनाव चुकीचं उच्चारलं." आणि टेबलावर दोन बोटांनी त्याने त्या उड्या मारून दाखवल्या. सहाच्या सहा.

नव्या कंपन्यांची रीत वेगळी. त्यांना सुतार नको होते, कार्यक्रम बाहेरून विकत घ्यायचे होते. बाईंचे यजमान एकसष्टचे होते, गुडघे गेलेले, हातात बरी रक्कम पडली. ते खुशीने निवृत्त झाले. मग 1994 मध्ये मालकीचे नियम सैल झाले आणि मोठे मासे सुटले. कार्लटनने सेंट्रल घेतली, ग्रॅनडाने लंडन वीकेंड गिळली, मेरिडियनच्या मालकांनी अँग्लिया. नॉर्विचची अँग्लिया, जिचा चांदीचा घोडेस्वार हँडेलच्या संगीतावर पडद्यावर गोल फिरायचा. पुढे यॉर्कशर आणि टाइन टीज ग्रॅनडाकडे. 1999 मध्ये सेंट्रल आणि वेस्टकंट्री (टीएसडब्ल्यूच्या जागी आलेली) ही नावं काढून तिथे कार्लटन लिहिलं. 28 ऑक्टोबर 2002 पासून इंग्लंडभर एकच नाव, आयटीव्ही वन. जुनं विभागीय नाव उरलं ते स्थानिक बातम्यांच्या आधी, क्षणभर. 2004 च्या फेब्रुवारीत ग्रॅनडा आणि कार्लटन एक झाल्या. पाकिटं फोडून विभाग विकताना 'विभाग' ही वस्तू होती. एकदा तिला किंमत लागल्यावर ती कुणीतरी एकगठ्ठा घेणारच होतं. स्कॉटलंडमध्ये एसटीव्ही अजून आपल्या नावाने उभी आहे, पण आम्ही होतो दक्षिणेला.

म्हणजे मी जाऊन पोहोचलो ते नाव पुसल्यावर जेमतेम तीन महिन्यांनी. खरं सांगायचं तर मला काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं. टीव्ही लागत होता, बातम्या दिसत होत्या, मालिका छान होत्या. आणि जुन्या काळातही लहान कंपन्यांचे कार्यक्रम देशभर क्वचितच जायचे. मोठ्या पाच जणांचं राज्य होतं. स्थानिक म्हणून जे दाखवत त्यातलं कितीतरी रटाळ असे, हेही बाईच सांगत: अर्धा तास भोपळ्यांचं प्रदर्शन आणि वर त्याची फेरप्रक्षेपणं. तरी 2004 मध्ये तो नदीकाठचा स्टुडिओ बंद झाला आणि बातम्यांचं काम व्हाइटलीच्या ऑफिस संकुलात गेलं, तेव्हा बस नॉर्दम पुलावर आली की बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत. एकदाच म्हणाल्या, "तिथे आधी सिनेमा थिएटर होतं. मी तिथे मुलगी असताना जायचे. सदर्नने ते घेतलं तेव्हा आम्ही किती चिडलो होतो." मग म्हणाल्या, "उतरायचं आलं."

टीव्हीएसच्या कार्यक्रमांचं पुढे काय झालं ते मी नंतर शोधलं. कंपनी अमेरिकनांनी घेतली, तिथून तिचा संग्रह हात बदलत बदलत डिस्नेच्या पदरी पडला, आणि हक्कांचे कागद वाटेत हरवले. त्यामुळे त्यातलं बरंचसं दाखवता येत नाही. ज्या सुताराने ते दरवाजे-खिडक्या केल्या त्याच्या कामाचा ठेवा मिकी माउसच्या तळघरात कुलूपबंद. हे बाईंना कळवायचं राहून गेलं.

भाऊबीजेला भाची परत आली. मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. थेम्स बंद पडली नव्हती, तिचा परवाना दुसऱ्याला दिला. "कुणाला?" कार्लटनला. "मग सेंट्रल कोण?" ती वेगळी, बर्मिंगहॅमची. "मग सेंट्रल आहे अजून?" नाही, तिच्यावर कार्लटनने आपलं नाव लिहिलं. "मग कार्लटन आहे?" नाही, तीही ग्रॅनडात मिसळली. "मग ग्रॅनडा तरी?" मी जरा थांबलो, कारण ते नाव बातम्यांपुरतं आहे म्हणायचं की नाही, हे मलाच ठरवता येईना. ती माझ्याकडे अशी बघत होती की मामाला एवढं सगळं माहीत असून शेवटी हाती काहीच नाही.

मग मी सहावी कॅसेट लावली. ही मी राखून ठेवली होती. तिच्या पाठीवर सुताराच्या चौकोनी अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं: 31 डिसेंबर 92, पुसू नये. म्हणजे त्यांनी त्या रात्री बारा वाजता टेप चालू ठेवली असणार. टीव्हीएस जाताना आणि मेरिडियन येताना, तो अर्धा सूर्य अर्धा चंद्र असा चेहरा पहिल्यांदा उगवताना. मी भाचीला म्हटलं, आता बघ, नाव बदलताना प्रत्यक्ष दिसेल. खरखर झाली. रेघा वर सरकल्या. चित्र स्थिरावलं. हिरवं कापड, त्यावर लाल चेंडू, आणि काळ्या जाकिटातला एक माणूस काठीच्या टोकाला निळा खडू लावत होता. स्नूकर. मी पुढे ढकललं. स्नूकर. आणखी पुढे. शेवटपर्यंत स्नूकरच, तीन तास. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने लेबलाच्या कोपऱ्यात, शाईच्या पेनने, गोल अक्षरात काहीतरी खरडलं होतं. चष्मा लावून पाहिलं तर 'उपांत्य फेरी'.

भाची म्हणाली, "मामा, तो गुलाबी चेंडू कितीचा असतो रे?"